'अंतर्गत बाब' नावाची भिंत

गावात दलित वस्तीवर बहिष्कार पडतो. पाणी तुटते, दुकानदार किराणा देत नाही, शेतावर कोणी कामाला बोलावत नाही. वस्तीतली माणसे तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जायला निघाली की गावातले प्रतिष्ठित आडवे येतात. गावचे प्रकरण आहे, गावातच मिटवू, बाहेर गेलात तर गावाची बदनामी होईल, असे सांगतात. हे सांगणारे कोण असतात? ज्यांनी बहिष्कार टाकला तेच, नाहीतर त्यांचे भाऊबंद. आरोपीच न्यायाधीश होऊन बसतो आणि फिर्यादीला गावद्रोही ठरवतो. महाराष्ट्रातल्या आंबेडकरी माणसाला हा अनुभव नवा नाही.

जगातल्या राष्ट्रांचा कारभारही फार वेगळ्या रीतीने चालत आलेला नाही, हे आम्हाला आज वाचकांपुढे मांडायचे आहे. तिथे गावकीच्या जागी सरकारे आहेत आणि 'गावचे प्रकरण' या शब्दांच्या जागी 'अंतर्गत बाब' हे शब्द आहेत. एखाद्या सरकारने आपल्याच माणसांवर अन्याय केला किंवा होऊ दिला आणि त्या माणसांनी जगापुढे गाऱ्हाणे नेले, की ते सरकार म्हणते, ही आमची अंतर्गत बाब आहे. ही भिंत कोणी बांधली, कोणासाठी बांधली आणि ती कोणी फोडली, याचा इतिहास चळवळीने नीट समजून घेतला पाहिजे. त्या इतिहासात आपलेही एक पान आहे.

भिंतीचा पाया

राज्यशास्त्राच्या पुस्तकांत आजच्या राष्ट्रव्यवस्थेची सुरुवात १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहापासून सांगतात. १६१८ पासून तीस वर्षे मध्य युरोपात युद्धाचा वणवा पेटला होता. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट राजांच्या या झगड्यात लाखो माणसे तलवारीने, भुकेने आणि रोगराईने मेली. अखेर म्युन्स्टर आणि ओस्नाब्रुक या दोन शहरांत तह झाले. विद्यार्थ्यांना शिकवले जाते की, या तहाने प्रत्येक राजा आपल्या हद्दीत सर्वसत्ताधीश झाला आणि दुसऱ्याने त्यात ढवळाढवळ करायची नाही असे ठरले.

पण तहात प्रत्यक्षात काय लिहिले होते? १५५५ पासून जर्मन मुलखात राजाचा धर्म तोच प्रजेचा धर्म अशी रीत होती. वेस्टफालियाने या रीतीला लगाम घातला. १६२४ हे वर्ष प्रमाण धरले आणि त्या वर्षी जिथे जो पंथ चालू होता तो तसाच राहू द्यावा, राजाने पंथ बदलला म्हणून प्रजेवर सक्ती करू नये, असे ठरले. अल्पसंख्य पंथाच्या माणसांना घरात उपासना करण्याची मोकळीक मिळाली. आणि हे कलम पाळले जाते की नाही हे पाहायला फ्रान्स आणि स्वीडन हे बाहेरचे देश हमीदार राहिले. ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याने आपल्या खास मुलखापुरती यातून बरीचशी सुटका करून घेतली, ही गोष्ट वेगळी.

म्हणजे ज्या तहाचा दाखला देऊन सरकारे 'आमच्या घरात डोकावू नका' म्हणतात, त्या तहाने राजाच्या घरातल्या दुबळ्यांसाठी बाहेरचे हमीदार नेमले होते! ढवळाढवळ न करण्याचा सिद्धांत नंतरच्या कायदेपंडितांनी घडवला. त्यातले मोठे नाव म्हणजे स्वित्झर्लंडचा एमर द व्हाटेल, ज्याचा ग्रंथ १७५८ साली आला. राजांना हा सिद्धांत सोयीचा होता. त्यांनी तो उचलून धरला आणि हमीदाराची गोष्ट मागे पडली.

सार्वभौमत्व कोणाचे?

बरे, हे सार्वभौमत्व तरी सर्वांना सारखे मिळाले का? हैतीचे उदाहरण घ्या. १७९१ साली तिथल्या काळ्या गुलामांनी बंड केले, फ्रान्सच्या फौजांना हरवले आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. गुलामांनी स्वतःच्या हिमतीवर उभे केलेले हे राष्ट्र. पण युरोपातले एकही सरकार त्याला आपल्या पंगतीला बसवायला तयार होईना. १८२५ साली फ्रान्सने युद्धनौका पाठवल्या आणि १५ कोटी फ्रँकची भरपाई कबूल करवून मगच मान्यता दिली. भरपाई कशाची? मळेवाल्यांच्या गेलेल्या मालमत्तेची, आणि त्या मालमत्तेत माणसेही धरलेली होती. ज्यांना विकले होते त्यांनीच स्वतःची किंमत मालकाला चुकती करायची! पुढे रक्कम कमी झाली, पण त्या कर्जाने हैतीच्या पिढ्यान्‌पिढ्या वाकल्या. अमेरिकेने तर १८६२ पर्यंत हैतीला मान्यताच दिली नाही.

१८८४ च्या नोव्हेंबरात बर्लिनमध्ये १४ देशांचे प्रतिनिधी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवायला बसले. त्या टेबलाभोवती आफ्रिकेचा एकही माणूस नव्हता. ज्याच्या शिवाराची मोजणी चालली आहे त्यालाच बांधावर उभे राहू दिले नाही. युरोपच्या राजांना सार्वभौमत्व आणि आफ्रिका-आशियाच्या माणसांना गुलामी, असे हे दुहेरी माप होते. मनुस्मृतीत एकाच गुन्ह्याला वर्ण पाहून वेगवेगळी शिक्षा सांगितली आहे. हे माप आपल्याला ओळखीचे वाटावे यात नवल ते काय?

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली पॅरिसमध्ये राष्ट्रसंघाची घटना लिहिली जात होती. समतेचे तत्त्व तिच्या प्रस्तावनेत घालावे असा ठराव जपानने मांडला. १७ पैकी ११ मते ठरावाच्या बाजूने पडली. अध्यक्षस्थानी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन होते. एकमत नाही म्हणून ठराव फेटाळला गेल्याचे त्यांनी जाहीर केले. जपानलाही जगातल्या सगळ्या दबलेल्यांची काळजी होती असे मुळीच नाही, कारण कोरियाला त्यानेच गुलाम केले होते. पण समता हा एक शब्दसुद्धा बड्या राष्ट्रांना कागदावर नको होता, हे त्या दिवशी जगाने पाहिले.

फटीतून आलेला उजेड

तरीही भिंतीला फट पडू शकते, हे १९३३ साली दिसले. अप्पर सिलेशिया हा जर्मनी आणि पोलंड यांच्या सीमेवरचा प्रांत. तिथल्या अल्पसंख्यांकांच्या रक्षणासाठी दोन्ही देशांत १९२२ साली करार झाला होता आणि राष्ट्रसंघाकडे थेट अर्ज करण्याची सोय त्यात होती. हिटलर सत्तेवर आल्यावर फ्रान्झ बर्नहाइम या ज्यू कामगाराची नोकरी गेली. त्याने त्या कराराच्या आधारे जिनेव्हाला अर्ज पाठवला. एका साध्या माणसाचा अर्ज! पण करारावर जर्मनीची सही होती, ती नाकारता येईना. १९३७ साली करार संपेपर्यंत ज्यूविरोधी कायदे त्या एका प्रांतापुरते रोखून धरावे लागले. उरलेल्या जर्मनीत असा करार नव्हता. तिथे जग 'अंतर्गत बाब' म्हणून गप्प बसले आणि पुढे ६० लाख ज्यूंचे काय झाले ते सांगण्याची गरज नाही.

यातून आम्ही एक धडा घेतो. अन्याय झालेल्या माणसाला दोन गोष्टी लागतात. एक, बाहेर जाऊन बोलण्याची हिंमत. दुसरी, पाय रोवायला लेखी कलम.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ साली सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रसंघाची सनद तयार झाली. ती दोन तोंडांनी बोलते. पहिल्याच कलमात वंश, लिंग, भाषा, धर्म असा भेद न करता सर्वांना मानवी हक्क, असे उद्दिष्ट आहे. आणि दुसऱ्या कलमाच्या सातव्या पोटकलमात, देशाच्या अंतर्गत अधिकारातल्या बाबींत संघाने हस्तक्षेप करू नये, असेही आहे. वर पाच बड्या राष्ट्रांना नकाराधिकार. सनदेची प्रस्तावना घडवण्यात मोठा हात होता दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स यांचा, ज्यांच्या देशात काळ्या माणसाला मताचा अधिकार जवळजवळ नव्हताच.

१९४६ चा उन्हाळा

१९४६ साली स्मट्स सरकारने तिथल्या भारतीय लोकांच्या जमीनखरेदीवर आणि राहण्यावर बंधने घालणारा कायदा केला. त्याच वर्षी जूनमध्ये भारताने संयुक्त राष्ट्रसंघाकडे तक्रार केली. भारत तेव्हा स्वतंत्रही झाला नव्हता. आमसभेत विजयालक्ष्मी पंडित यांनी बाजू मांडली. स्मट्स यांचे उत्तर ठरलेले होते: ही आमची अंतर्गत बाब आहे. भारताने उत्तर दिले की, मानवी हक्कांचा प्रश्न कोणाच्याही घरचा खासगी मामला नसतो. ८ डिसेंबर १९४६ रोजी ३२ विरुद्ध १५ मतांनी ठराव भारताच्या बाजूने झाला. ७ देश तटस्थ राहिले. भिंतीला पहिले मोठे भगदाड भारताने पाडले, ही अभिमानाची गोष्ट आहे आणि आम्ही ती मोकळेपणाने मान्य करतो.

त्याच उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडली, जी शाळेच्या पुस्तकात सापडणार नाही. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे बाबासाहेबांच्या वाचनात आले. जुलै १९४६ मध्ये त्यांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाची प्रत मागवली. भारतातले अस्पृश्यही तोच मार्ग धरण्याच्या विचारात आहेत, असे त्यांनी कळवले. डुबॉइस यांनी त्याच महिन्यात आस्थेने उत्तर दिले. १९४७ साली डुबॉइस आणि त्यांच्या संघटनेने स्वतंत्र निवेदन दिले, पण अमेरिकेच्या विरोधापुढे त्यावर विचारच झाला नाही. आपल्याला व्यक्तिगत तक्रारींवर कारवाई करण्याचा अधिकार नाही, असे मानवी हक्क आयोगाने त्याच वर्षी जाहीर करून टाकले होते.

आणि बाबासाहेबांचा अर्ज? १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देताना केलेल्या निवेदनात त्यांनीच त्याचा खुलासा केला आहे. अनुसूचित जातींच्या स्थितीचा अहवाल त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघासाठी तयार केला होता. पण घटना समितीला आणि पुढच्या संसदेला आधी संधी द्यावी, म्हणून तो पाठवला नाही. बाबासाहेबांना देशद्रोही म्हणणाऱ्यांनी हे निवेदन एकदा वाचावे. बाहेर जाण्याचा हक्क त्यांनी कधी सोडला नव्हता. त्यांनी घरच्या माणसांना मुदत दिली होती.

भिंत पडली कशी?

दक्षिण आफ्रिकेचा लढा पुढे ४८ वर्षे चालला. १९४८ नंतर तिथे वर्णभेद हाच राज्यकारभार झाला. १९५२ साली १३ आशियाई-आफ्रिकी देशांनी वर्णभेदाचा संपूर्ण प्रश्न आमसभेत नेला. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांनी निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडून ६९ माणसे मारली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात वसाहतींच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा ८९ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. ९ देश तटस्थ राहिले आणि त्यांत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स होते. १९७४ साली दक्षिण आफ्रिकेला संघातून काढण्याचा प्रयत्न याच तिघांनी नकाराधिकार वापरून हाणून पाडला. तरी १९७७ साली सुरक्षा परिषदेला शस्त्रबंदी लादावीच लागली. एप्रिल १९९४ मध्ये काळ्या माणसाने रांगेत उभे राहून मत दिले आणि नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले.

ही भिंत मुख्यतः तिथल्या काळ्या जनतेने आपल्या रक्ताने पाडली, याबद्दल शंका नको. पण बाहेरच्या जगाने व्यापार, खेळ, शस्त्रे, कर्जे यांची दारे एकेक करून बंद केली नसती तर आणखी किती पिढ्या गेल्या असत्या?

डर्बनमध्ये काय झाले?

याच लढ्यातून १९६५ साली सर्व प्रकारचे वंशभेद नष्ट करण्याचा आंतरराष्ट्रीय करार जन्मला. त्याच्या पहिल्या कलमात वंशभेदाचे पाच आधार दिले आहेत: वंश, वर्ण, कूळ, राष्ट्रीय मूळ आणि वांशिक मूळ. यातला 'कूळ', म्हणजे जन्माने आलेली वंशावळ, हा शब्द कोणाच्या दुरुस्तीतून आला? भारताच्या! १९६८ साली भारताने करार मान्य केला. पुढे कराराच्या देखरेख समितीने १९९६ साली भारताला सांगितले की, जातीवरून होणारा भेदभाव या 'कुळा'त येतो. २००२ साली समितीने तसा सर्वसाधारण निर्वाळाही दिला.

या दोन तारखांच्या मधे २००१ ची डर्बन परिषद येते. त्याच दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवर, वंशभेदाविरुद्धच्या जागतिक परिषदेत, दलित कार्यकर्ते जातीचा प्रश्न घेऊन गेले. भारत सरकारने काय केले? जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, आमची घटना आणि आमचे कायदे समर्थ आहेत, असे म्हणून जातीचा उल्लेख अंतिम मसुद्यात येऊ दिला नाही. स्मट्स यांचे ५५ वर्षांपूर्वीचे वाक्य भारताच्या तोंडी आले!

जात म्हणजे वंश नव्हे, हे तर बाबासाहेबांनीच सांगितले होते. पण समिती कुठे म्हणते की जात म्हणजे वंश? ती म्हणते, जन्मावरून माणसाला हीन ठरवणे या करारात बसते. बाबासाहेबांचे संशोधन ढालीसारखे वापरायचे आणि त्यांच्या समाजाचे गाऱ्हाणे मात्र दाबायचे, ही चलाखी ओळखली पाहिजे.

सरकार कोणत्या पक्षाचे, याने यात फरक पडला नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत एकाच कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. डिसेंबर २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी दिल्लीत अस्पृश्यतेची तुलना दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाशी केली. आम्हाला बरे वाटले. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २००७ मध्ये, जिनेव्हात त्याच सरकारच्या प्रतिनिधींनी जात या कराराखाली येतच नाही, असे सांगितले. समितीने ते मान्य केले नाही.

साम्राज्यवाद्यांना आमंत्रण?

काही प्रामाणिक माणसे आम्हाला विचारतात, बाहेरच्यांना बोलावणे म्हणजे साम्राज्यवाद्यांना आमंत्रण नव्हे का? प्रश्न रास्त आहे. २००३ साली अमेरिकेने सुरक्षा परिषदेची परवानगी न घेता इराकवर स्वारी केली. ज्या शस्त्रांचे निमित्त सांगितले ती सापडली नाहीत, देश मात्र उद्ध्वस्त झाला. २०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि सुरक्षा परिषदेत स्वतःच्या नकाराधिकारामागे लपला. गाझामधील युद्धबंदीचे ठराव अमेरिकेने वारंवार अडवले. बलवान देश भिंत मानतही नाहीत आणि सोयीनुसार तिच्या आड बसतातही. गुलामीतून सुटलेल्या देशांना सार्वभौमत्व प्रिय असावे, हे आम्ही समजू शकतो.

पण याच देशांनी १९५५ साली बांडुंगमध्ये दहा तत्त्वे मान्य केली. त्यांतले चौथे तत्त्व अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करण्याचे आहे, ते सर्वांना पाठ असते. पहिले तत्त्व मूलभूत मानवी हक्कांच्या आदराचे आहे, ते विसरले जाते.

बॉम्ब टाकणारे विमान आणि न्यायालयात दाखल झालेला अर्ज यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये गांबिया या पश्चिम आफ्रिकेतल्या चिमुकल्या देशाने रोहिंग्यांसाठी म्यानमारला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेने गाझातल्या लोकांसाठी इस्रायलविरुद्ध तिथेच दावा लावला. दोन्ही खटल्यांत न्यायालयाने अंतरिम आदेश दिले. ते पूर्ण पाळले गेले असे नाही, पण आरोपीला जगापुढे उभे राहून उत्तर द्यावे लागले. यासाठी फौज लागली नाही. करार आणि त्यातले कलम लागले.

मागणी कोणती?

म्हणून आमची मागणी साधी आणि लेखी आहे. १९६५ च्या या करारात कलम १४ आहे. ज्या देशाने त्याखाली घोषणा केली, त्या देशातली पीडित व्यक्ती देशातले सर्व उपाय संपल्यावर थेट देखरेख समितीकडे तक्रार करू शकते. दक्षिण आफ्रिकेने करारात येताना ही घोषणा केली. भारताने केलेली नाही. म्हणजे 'कूळ' हा शब्द आपण घातला, पण त्या शब्दाच्या आधारे दाद मागण्याचे दार आपल्याच नागरिकांना बंद ठेवले. आंतरराष्ट्रीय कायदा आणि करारांची बंधने यांबद्दल आदर वाढवावा, असे घटनेचे ५१ वे कलम राज्याला सांगते. मग अडचण कोणाला आहे?

आपल्या पक्षांनी, संघटनांनी, खासदारांनी ही मागणी जाहीरनाम्यात घालावी आणि सभागृहात विचारावी. विहारांतून आणि अभ्यासवर्गांतून या कराराचे मराठीत वाचन व्हावे. अत्याचाराच्या प्रत्येक प्रकरणाची तारीख, फिर्याद, आरोपपत्र आणि निकाल यांची नोंद तालुक्या-तालुक्यात ठेवली जावी, कारण कोणतीही समिती घोषणा ऐकत नाही, ती कागद मागते. जपानचे बुराकू, नेपाळचे दलित, जन्मावरून हीन ठरवलेले पश्चिम आफ्रिकेतले समाज हे सगळे याच 'कुळा'चे बळी आहेत. त्यांच्याशी नाते जोडावे.

बाबासाहेबांनी संसदेला संधी दिली, त्याला सत्तर वर्षे उलटून गेली. त्यांनी तयार केलेला अहवाल पाठवायचा राहिला आहे. तो आता कोणी पुढे न्यायचा, हे आपण ठरवले पाहिजे.